दुसऱ्यांची गेटं

श्रावणात आलेल्या त्या पत्राला रामप्रसाद सरांनी उत्तर दिलं नव्हतं. दिलं नव्हतं म्हणजे लिहिलं नव्हतं असं मात्र नाही. लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. 'विनंती आहे' फार लाचार वाटलं, 'कळवत आहे' फार उद्धट वाटलं. उभा जन्म कॉलेजच्या ग्रंथालयात काढलेला माणूस. दुसऱ्यांनी लिहिलेलं जपून ठेवायची सवय, स्वतःचं लिहिलेलं कुणाच्या हाती द्यायची नव्हती. शेवटी ते कागद एका जाड शब्दकोशात गेले आणि शब्दकोश कपाटात गेला.

पत्र संभाजीनगरच्या कचेरीतून आलं होतं. जालन्याच्या नव्या मोंढ्याकडे, म्हणजे धान्यबाजाराकडे जाणारा रस्ता रुंद होऊन सिमेंटचा झाला होता, आणि आता त्याच्या कडेनं फूटपाथ व्हायचा होता. पत्रात सरळ लिहिलं होतं, की या रस्त्यावर पावलापावलाला घरांची आणि दुकानांची गेटं उघडतात, प्रत्येक गेटातून गाडी आडवी येते, वाहतूक तुंबते, अपघात होतात. तेव्हा फूटपाथला सलग लोखंडी रेलिंग बसेल. शेजारच्या दोन मालकांनी मिळून गाडीसाठी एकच सामाईक वाट घ्यावी आणि दोघांच्या सहीनं तसं कळवावं. ज्यांचं उत्तर येणार नाही त्यांना गाडीच्या वाटेची गरज नाही असं धरलं जाईल. त्यांच्या दारापुढे पायी जाण्यापुरती फट ठेवली जाईल.

वाचायला सोपं पत्र होतं. अडचण एका शब्दात होती: दोघांच्या.

सरांच्या घराच्या एका अंगाला बियाण्याच्या गोदामाची पाठभिंत होती. तिला ना खिडकी ना दार. दुसऱ्या अंगाला रशीदभाईंचं वर्कशॉप. म्हणजे सही मागायची तर रशीदभाईंकडेच, आणि मागायची म्हणजे जाऊन, समोर उभं राहून, तोंडानं.

रशीदभाई गेटं बनवायचे. जालन्यात लोखंडाला काय तोटा. एमआयडीसीतून अँगल यायचे, पट्ट्या यायच्या, आणि वर्कशॉपमध्ये त्यांचे मोर, कमळं, सूर्याची किरणं व्हायची. जागा मात्र टीचभर. फार वर्षांपूर्वी एकदा रशीदभाईंनी भिंतीवरून डोकावून विचारलं होतं, "सर, दोन गेटं तुमच्या गेटाला टेकवून ठेवू का? रंग वाळला की उचलतो."

"चालेल, चालेल," सर म्हणाले होते. त्यांना जे चालत नसे त्यालाही ते दोन-दोनदा चालेल म्हणत.

तेव्हापासून रंग वाळतच होता. दोनाची चार गेटं झाली, चाराची ओळ झाली. एक बंगल्यावर गेलं की दुसरं येऊन टेकायचं. सरांकडे गाडी नव्हती, मुलगी लग्न होऊन नागपूरला गेलेली. गेट उघडायचं कारणच पडत नसे. गोदामाच्या भिंतीकडून एक छोटं दार होतं, तीन उंच पायऱ्यांचं, नालीवर मोडका ढापा टाकलेलं. त्यातून सर भाजी आणत, पेपर आणत, आणि जग बरोबर चाललं आहे असं मानत.

मग चैत्रात सरांच्या पत्नी दैवशालाबाई न्हाणीत पडल्या आणि खुब्याचं हाड मोडलं.

दवाखान्यातून त्यांना घरी आणलं तेव्हा दोन माणसांनी खुर्चीसकट उचलून त्या छोट्या दारातून आत घेतलं. आत घेतलं, ते घेतलंच. चाकाची खुर्ची त्या दारातून जात नव्हती, ढाप्यावरून तर नाहीच. व्यायाम शिकवायला बाई घरी यायची, न्हावी घरी यायचा, डॉक्टरांशी बोलणं फोनवर व्हायचं. दैवशालाबाई सकाळी ओसरीत बसत आणि समोरच्या गेटातून रस्ता बघत. रस्ता म्हणजे काय, रस्त्याचे तुकडे. आधी त्यांचं स्वतःचं गेट, त्यापलीकडे मोराचं, त्यापलीकडे कमळाचं, आणि त्या सगळ्या नक्ष्यांच्या भोकांतून जाणारा एखादा टेम्पो, एखादी साडी, रिक्षाचं अर्धं चाक.

"आज 'मातृछाया' आली," त्या सांगत. गेटांवर घरांची नावं कापून बसवलेली असत. "'साईकृपा' गेली वाटतं. कुणीतरी राहायला गेलं बरं नव्या घरात."

सर पुस्तकातून मान वर न काढता "हं" म्हणत. त्यांची वेताची खुर्ची ओसरीच्या दुसऱ्या टोकाला, वर्कशॉपकडच्या भिंतीशी असे. तिथे दुपारनंतर सावली येई. ग्राइंडर थांबला की तेवढ्या कोपऱ्यात जगातली सगळी शांतता गोळा व्हायची, असं त्यांना वाटे.

दैवशालाबाईंनी सबंध पावसाळा एकच गोष्ट मागितली होती. त्यांचं माहेर पिंपळगाव रेणुकाईचं. लग्न झाल्यापासून नवरात्रात देवीची ओटी भरायला गेल्या नाहीत असं एकही वर्ष नव्हतं. भाऊ कल्याण गाडी घेऊन यायला तयार होता. "गाडी गेटातून आत आली, की मला उचलून बसवतील. बस. दुसरं काही मागत न्हाई मी."

"बघतो," सर म्हणत.

पितृपक्ष चालू होता तेव्हा रेलिंगवाले आले. मोंढ्याच्या बाजूनं खड्डे घेत, खांब रोवत, त्यात सिमेंट ओतत ते दिवसागणिक पुढे सरकत होते. त्या सकाळी एका माणसानं पांढऱ्या फक्कीची रेघ ओढली. वर्कशॉपपुढून आली, सरांच्या गेटापुढून, टेकवलेल्या गेटांच्या पायाशी घासून, न थांबता गोदामाकडे गेली. फक्त छोट्या दारासमोर दोन आडव्या खुणा झाल्या. त्यांच्यात माणूस तिरपा होऊन जाईल एवढंच अंतर होतं.

दैवशालाबाई बघत होत्या. "अहो," त्या म्हणाल्या, "ही रेघ आपल्या गेटापुढं तुटली न्हाई."

सरांनी पुस्तक मिटलं. पान कुठलं, ते बघितलं नाही.

बाहेर टोपी घातलेली एक तरुण इंजिनिअर मुलगी नकाशा पाहत उभी होती. गळ्यातल्या पट्टीवर अर्पिता एवढं नाव वाचता येत होतं. सर तिच्याजवळ जाऊन उभे राहिले. तिनं बघितलं नाही. ते खाकरले. तेवढ्यात ट्रक गेला.

"मॅडम, हे... हे गेट आहे," ते म्हणाले.

"कुठंय काका? ही तर वर्कशॉपवाल्यांची गेटं आहेत."

"त्यांच्या मागे. माझं."

अर्पितानं वाकून बघितलं. मोराच्या पंखांतून खरंच एक गेट दिसत होतं, गंजलेलं, कडीवर वेल चढलेली. ती हसली नाही; हसली असती तर बरं झालं असतं. "सर्व्हेत हे बंद म्हणून लागलंय काका. पत्र आलं होतं ना तुम्हाला?"

"आलं होतं."

"मग उत्तर?"

"लिहिलंय," सर म्हणाले. "कपाटात आहे."

तिनं नकाशाची गुंडाळी केली. आवाज जरा खाली आणून म्हणाली, "ऐका. मुदत एकदा वाढवून दिली होती, ती आज संपते. दोघांच्या सह्यांचं उत्तर आज पोस्टात पडलं, तारखेचा शिक्का बसला, तर पावतीचा फोटो मला पाठवा. उद्या तुमच्यापुढचे खड्डे मी सोडून देते. पुढचं साहेब बघतील. पण शिक्का आजचा पाहिजे. उद्याचा मला चालणार नाही, एकदा खांब बसला की मी काढू शकत नाही."

सरांनी नंबर लिहून घेतला आणि घरात जाऊन शब्दकोशातून कागद काढले. त्यातल्या त्यात बरा एक निवडला आणि वर्कशॉपकडे निघाले. दारापर्यंत गेले, परतले, पाणी प्यायले, पुन्हा निघाले.

वर्कशॉपमध्ये वेल्डिंग चालू होतं. निळ्या उजेडात रशीदभाई तोंडावर काच धरून वाकले होते. सर डोळ्यांवर हात घेऊन उभे राहिले. मनात वाक्य तयार होतं: रशीदभाई, आपण दोघांनी मिळून एक वाट घेतली तर. त्यातलं 'तर' त्यांना खटकू लागलं. तर काय? त्यानं नाही म्हटलं तर?

रशीदभाईंनी काच खाली केली. "अरे, सर! तुम्ही?"

"सहज," सर म्हणाले. "सहज आलो."

"इतक्या वर्षांत सहज पहिल्यांदाच आले की." रशीदभाईंनी हसत स्टूल पुसलं, पण हसू लवकर आवरलं. "बसा. इजहार, चहा सांग रे सरांसाठी. काही काम व्हतं का?"

"नाही नाही."

"पाह्यली का ती रेघ? माझा टेम्पो आता दारात लागत न्हाई. मी तर एमआयडीसीत शेड पाहून राह्यलो. खर्चा लई हाय, पण करता काय?"

तिथेच बोलायला हवं होतं. वाट तयार होती, नुसतं पाऊल टाकायचं होतं. सरांनी खिशातला कागद बोटांनी चाचपला. रशीदभाई त्यांच्याकडे बघत होते, जरा जास्तच वेळ, कशाची तरी वाट बघितल्यासारखे. सरांना ती नजर रागाची वाटली. त्यांनी चहा संपवला, कप खाली ठेवला, "येतो," म्हणाले आणि आले.

घरात शिरले तेव्हा दैवशालाबाई फोनवर होत्या. पाठमोऱ्या.

"न्हाई रे कल्याण, यंदा न्हाई जमायचं. गाडी नको आणू. ओटीचं सामान तूच घे, माझ्या नावानं वहिनीला भरायला सांग... न्हाई, दुखत न्हाई आता. तसं न्हाई रे. मला चालता येत न्हाई अन् यांना विचारता येत न्हाई. दोघं बी सारखेच झालोत." आणि त्या हसल्या. रडल्या असत्या तर सरांना काय करावं ते कळलं असतं; पाणी दिलं असतं. त्या हसल्या.

सर ओसरीतून अंगणात उतरले.

आपण काय करतो आहोत हे त्यांनी ठरवलं नव्हतं. गेटापाशी गेले, वेल ओरबाडून काढली. कडी गंजून बसली होती. तिच्यावर दगड मारला, एकदा, दोनदा. मागून दैवशालाबाई म्हणत होत्या, "अहो, काय करताय? अहो!" रिटायर झालेला ग्रंथपाल, पुस्तकांची रांग कशाला टेकलेली असते आणि तो टेका काढला की काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? पण तेवढंच त्यांच्या ध्यानात आलं नाही. त्यांचं गेट आत उघडणारं होतं.

कडी सरकली. आधी गेट त्यांच्या हाताला जड लागलं, मग त्याला हातच नको झाला. मोर, कमळ, 'मातृछाया', सगळी एकामागून एक आत झुकली. सर कसेबसे बाजूला उडी मारून भिंतीला चिकटले. जो आवाज झाला तो मोंढ्यापर्यंत गेला असेल. रस्त्यावरच्या मोटारसायकली थांबल्या. मागचे हॉर्न वाजवू लागले. धूळ खाली बसली तेव्हा अंगणात गेटांची चळत पडली होती, आणि तिच्या वर, जिथे इतकी वर्षं नक्ष्या होत्या, तिथे नुसता रस्ता दिसत होता. आख्खा.

रशीदभाई धावत आले, मागे कामावरचा पोरगा इजहार. "सर! पाय बीय तर न्हाई ना गेला? भाभी ठीक हायत? अरे, सर कुठं हायत?"

"मला बाहेर जायचंय!" भिंतीशी चिकटलेले सर ओरडले. ओरडले म्हणजे खरोखरच ओरडले. रस्त्यावरची माणसं त्यांच्याकडे बघायला लागली. "रशीदभाई, मला हिला बाहेर न्यायचंय. ही गेटं मला चालत नाहीत. कधीच चालत नव्हती!"

मग रशीदभाईंनी कपाळाला हात लावला.

"मंग सांगायचं न्हाई का सर? तुम्हीच चालंल म्हणले व्हते. एकदा सोडून दोनदा म्हणले व्हते."

"म्हणालो होतो," सर म्हणाले. त्यांनी खिशातून कागद काढला आणि पुढे केला. "ही... सही पाहिजे होती. तुमची. सामाईक वाटेसाठी. आज मुदत आहे."

रशीदभाईंनी कागद घेतला, वाचला, तळाची तारीख बघितली. "हे तर श्रावणातलं हाय."

"हो."

"श्रावणात लिहिलं अन् आज आणलं? भिंतीपलीकडून?" रशीदभाईंचा आवाज बदलला. "सर, पत्र मला बी आल्तं. मी अम्मीला म्हणलं, सर शिकलेला माणूस, कागद तेच लिहितील, सही घ्यायला येतील. वाट पाह्यली. गणपती बसले, उठले. मंग अम्मी म्हणली, ऱ्हाऊ दे बेटा. कुणाकुणाला आपल्यासंगं एक गेट नको वाटतं. मी म्हणलं, सर तसे न्हाईत. पण मंग मी बी गप बसलो. मघाशी तुम्ही आले, चहा पिले, मला वाटलं आता बोलतील. अन् तुम्ही उठून गेले."

सरांना हे कधी सुचलंच नव्हतं. आपल्या गप्प बसण्याला दुसऱ्या बाजूनं असाही अर्थ दिसत असेल, हे त्यांच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

ओसरीतून दैवशालाबाईच बोलल्या. "रशीदभाई, हा माणूस दुकानात सुटे पैसे मागायला भितो हो. लग्न ठरवायला आले तेव्हा माझ्याकडं पाह्यलं न्हाई, भिंतीवरच्या कॅलेंडरकडं पाह्यलं. तुमचा काय अन् कुणाचा काय, ह्यांना सगळ्यांचंच भ्या वाटतं. तुमच्या अम्मीला, सरदारबींना सांगा, माझी शपथ."

इजहार हसला आणि मग रशीदभाईंनाही हसू आलं, मोठं नाही, पण आलं.

"पण सर, बराबर समजून घ्या," ते म्हणाले. "वाट दोघांच्या मधून निघणार. म्हणजे ही मधली भिंत पुढून फोडावी लागंल. माझा टेम्पो तुमच्या अंगणातून वळंल. माल इथंच उतरंल." त्यांनी बोट दाखवलं. बोट बरोबर वेताच्या खुर्चीवर गेलं. "तुमची वाचायची जागा जाईल. ग्राइंडर कानाशी येईल. नंतर न्हाई म्हणले तर मी काय करू?"

सरांनी त्या कोपऱ्याकडे बघितलं. सावली नुकतीच तिथे पोचत होती. खुर्चीच्या हातावर पुस्तक उपडं पडलं होतं. जीभ 'चालेल, चालेल' म्हणायला निघाली होती, ती त्यांनी आवरली.

"त्रास होईल मला," ते म्हणाले. "दुपारी जेवणानंतर थोडा वेळ ग्राइंडर बंद ठेवा. आणि गेटं माझ्या बाजूला टेकवू नका. एकसुद्धा नाही. बाकी वाट दोघांची."

"बस? एवढंच? इतकी साधी गोष्ट व्हती, सर." रशीदभाईंनी हात पँटला पुसले, तरी कागदाच्या कडेला काळा अंगठा उमटलाच. सही केली. सरांना क्षणभर वाटलं, डाग पडला, कागद पुन्हा स्वच्छ उतरवून काढावा. त्यांनी तो पटकन घडी घालून पाकिटात सारला, नाहीतर उतरवून काढला असता.

"आणा, इजहारला गाडीवर पाठवतो पोस्टात."

"नको," सर म्हणाले. "आम्ही जातो."

गेटं उचलायला रस्त्यावरचे दोघेतिघे आले. मोराची मान वाकली होती. ज्याचं गेट होतं त्याला काय सांगायचं, यावर रशीदभाई इजहारशी भांडत होते. अंगण मोकळं झालं. सरांनी चाकाची खुर्ची ओसरीच्या उतारावरून खाली घेतली. दैवशालाबाईंनी घरातल्या पातळावरच शाल ओढली, केसांवरून हात फिरवला. "असंच नेता का? थांबा तरी," म्हणाल्या, आणि स्वतःच थांबल्या नाहीत.

खुर्ची गेटातून बाहेर पडली. फक्कीच्या रेघेवरून जाताना चाकं पांढरी झाली आणि पुढच्या सिमेंटवर दोन फिकट पट्टे उमटत गेले. अर्पिता टोपी हातात घेऊन उभी होती. तिनं घड्याळाकडे बोट दाखवून "पळा काका" अशी खूण केली. रस्त्यावर चालायला जागा कुठे होती? एका बाजूला खड्डे, दुसऱ्या बाजूला धडधडत जाणारे ट्रक, मधे उभ्या मोटारसायकली. सर प्रत्येक मोटारसायकलीशी थांबत होते. मालक शोधत नव्हते, नुसते थांबत होते. शेवटी दैवशालाबाईच हाका मारू लागल्या, "ए भाऊ, गाडी घे बाजूला. माणूस जायचाय."

पोस्टाची खिडकी बंद व्हायला आली होती. पुढे दोन माणसं होती. सरांनी पाकीट काढलं आणि पत्ता पुन्हा वाचला. आतल्या कागदावर तारीख श्रावणातली होती. ती बदलायला हवी होती का? 'विनंती आहे' ठेवलं होतं की 'कळवत आहे'? त्यांना आठवेना. पाकीट अजून चिकटवलेलं नव्हतं. उघडून बघता आलं असतं.

"काय झालं?" दैवशालाबाईंनी विचारलं.

"एक शब्द बघायचा होता."

"रेणुकाईला जाताना बघू, गाडीत. लांब आहे रस्ता."

सरांनी पाकिटाची कड जिभेला लावली, दाबली, आणि खिडकीतून आत दिलं. आतल्या बाईनं पत्र वजनकाट्यावर ठेवलं, पावती फाडली आणि आजचा शिक्का जोरात मारला. मग ते पाकीट मागच्या पोत्यात, बाकीच्या पाकिटांवर टाकलं.